वीस मायक्रोफॅरडचं शटर

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा क्लास बंद झाला. तीस दिवसांपैकी एकोणीस झाले होते, अकरा राहिले.

आता असं समजा, की वरची ओळ मी लिहिलीच नाही. क्लास चालू आहे. मी निकिता, वय एकवीस, बी.एस्सी. होऊन घरी बसलेली, आणि रोज सकाळी साडेनऊच्या ऑटोनं गावाहून आर्णीला जाऊन ‘बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, तीस दिवसांत’ शिकते आहे. सगळं छान चाललंय.

परवानगी बाबांनी दिली होती. बाबा म्हणजे बबनराव. आठ एकर, त्यात कापूस आणि तूर, विहिरीवर एक मोटार, आणि एक अट. अट अशी: “लोकं बोलले नाई पाह्यजे. ज्या दिवशी लोकं बोलले, त्या दिवशी क्लास बंद.”

मी विचारलं होतं, “कोणते लोकं, बाबा?”

“लोकं म्हंजे लोकं.”

व्याख्या इतकी पक्की होती की पुढे विचारायला जागाच राहिली नाही. क्लास पुरा झाला की सर्टिफिकेट मिळणार होतं, आणि सर्टिफिकेट मिळालं की सरांच्या ओळखीनं यवतमाळला इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात जागा. अर्धवट राहिला तर तुरी निघाल्यावर मला पाहायला पाहुणे. पाहुण्यांची तारीख आईनं कॅलेंडरवर आधीच पेन्सिलनं लिहिली होती. पेनानं लिहिली नव्हती, एवढीच माझी जमेची बाजू.

क्लास खेमसिंग सरांचा. सर पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. पुढं टीव्ही भिंतीला चिकटायला लागले, बिघडले की लोक सरळ नवे आणू लागले, म्हणून सर शिकवायला लागले. बाजारओळीतला एक गाळा त्यांनी घेतला. तिथं आधी मोबाइलचं झकपक दुकान होतं. ते बुडालं, आणि जाताना मोटारीवर चालणारं शटर मागं सोडून गेलं. आर्णीत असं शटर तेव्हा दोन-तीनच असतील. गाळ्याला मागचं दार नाही, खिडकी नाही, वर एक्झॉस्टचं भोक आहे आणि त्यात कबुतर राहतं. लाइट गेली तर शटर हातानं उघडायला एक साखळी असते. ती साखळी सरांनी घरी नेऊन अंगणातल्या कूलरला बांधली होती, कूलर चोरीला जाऊ नये म्हणून. कूलर चोरीला गेला नाही, हे इथं मान्य केलं पाहिजे.

एकोणिसाव्या दिवशी धडा होता कपॅसिटरचा, म्हणजे ज्याला अख्खा तालुका कंडेन्सर म्हणतो तो. पंख्यात असतो, कूलरमध्ये असतो, विहिरीवरच्या मोटारीत असतो. मोटारीला पहिला धक्का देऊन फिरवायचं काम त्याचं. तो कमजोर झाला की मोटार नुसती घूं करते आणि जागची हलत नाही, आमच्या गावातल्या बऱ्याच मोठ्या माणसांसारखी.

सरांचा मंत्र सोपा होता: “आधी उतरव, मंग हात लाव, मंग मोज.” उतरव म्हणजे त्यात साठलेला करंट काढून टाक. त्यासाठी होल्डरमध्ये बल्ब आणि त्याच्या दोन मोकळ्या वायरी. त्या कंडेन्सरच्या पायांना लावायच्या. आत काही असेल तर बल्ब एकदा डोळा मारतो आणि विझतो. मग मल्टिमीटरची खुंटी दोन समांतर रेघांच्या खुणेवर आणायची, वायरी लावायच्या, आकडा थांबेपर्यंत आपणही थांबायचं, आणि जर्नलमध्ये लिहायचं. अंगावर छापलेला आकडा एका रकान्यात, मोजलेला दुसऱ्या.

जर्नलमध्ये दहा ओळी होत्या. डब्यात कंडेन्सर नऊ होते.

एरवी क्लासला सात जणं. त्या दिवशी बाजार होता आणि वर निवडणुकीच्या निकालाची मिरवणूक, म्हणून मी आणि बंटी असे दोघंच. बंटीचं खरं नाव त्याच्या आधार कार्डावर आहे, बाकी कुठंच नाही. स्वभावानं चांगला. भूक लागली की त्याला मरण दिसतं, आणि भूक त्याला दर दीड तासानं लागते.

अकराच्या सुमारास डीजेचा आवाज जवळ आला तसे सर उठले. “गुलाल आत आला की झालं. रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे सगळे लाल. मंग वाचा बसून.” त्यांनी रिमोट घेतला, बाहेर गेले, जर्नलची पानं झेरॉक्स करून आणतो म्हणाले आणि बाहेरून बटण दाबलं. शटर खाली आलं. जरा रडत आलं, पण आलं. खाली यायला काय लागतं, वजनानंच येतं.

मी नऊ रीडिंग लिहिली. दहावी ओळ रिकामी. बंटी म्हणाला, “नवव्याचंच थोडं कमीजास्त करून लिहून टाक नं. सगळेच टाकतात.”

इथं मी ते लिहून टाकायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी वर पाहिलं. शटरच्या मोटारीच्या बाजूला एक डबा होता, त्यावर दोन स्क्रू.

मी मेन बंद केला, मोबाइलच्या उजेडात स्टुलावर चढले, डबा उघडला, कंडेन्सरच्या वायरी कुठून कुठं जातात त्याचा फोटो काढला, कंडेन्सर काढला, बल्ब लावला. बल्बनं डोळा मारला नाही. अंगावर छापलं होतं वीस मायक्रोफॅरड, हे त्याच्या ताकदीचं माप. मीटरवर आलं तीन पॉइंट एक.

“मीटर खराब हाये,” बंटी म्हणाला.

मी मीटर डब्यातल्या नवव्या कंडेन्सरवर लावून पाहिलं. मीटर शुद्धीवर होतं. तीन पॉइंट एक तर तीन पॉइंट एक. दहाव्या ओळीत लिहिलं, कंडेन्सर परत बसवला, मेन चालू केला. मिरवणूक पुढे सरकली होती. शटर वर न्यायचं आतलं बटण दाबलं.

घूं.

परत दाबलं. घूं. शटर हललं नाही. मोटार तापायला लागली म्हणून मी हात काढला.

बंटीनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याचं काही खाल्लंय. “तू त्याले मोजलं म्हणून मेला तो.”

“अबे, तो आधीच मेलेला होता. मी फक्त सांगतलं.”

“मोजायच्या आधी शटर खाली आलं का नाई? आलं. मोजल्यावर वर जाऊन राह्यलं का? नाई. मंग?”

याला उत्तर आहे, पण ते बंद शटरच्या आत देता येत नाही.

मी सरांना फोन लावला. टेबलावर चार्जिंगला लावलेला सरांचा फोन वाजला. बंटीनं तो उचलून “हॅलो” म्हटलं. मी फोन ठेवला.

मग मला परिस्थिती दिसली. आत एक पोट्टी आणि एक पोट्टा. मध्ये पत्रा. बाहेर बाजार. हे गणित सोडवायला आर्णीत कोणालाही मल्टिमीटर लागत नाही. तासाभरात ते मुकुटबनपर्यंत पोचेल, आणि मुकुटबनला माझी मावशी आहे. मावशीला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती गावच्या भोंग्यावर सांगणं, फक्त भोंग्याची लाइट मध्येच जाते.

“बंटी,” मी म्हणाले, “ध्यान दे. आत तू एकटाच आहेस.”

“आन तू?”

“मी नाही.”

“कुठं गेली?”

“मी आज आलीच नाही.”

बंटीनं यावर बराच विचार केला. “मंग माझ्याशी बोलून कोण राह्यलं?”

मी ठरवलं ते असं: बाहेर बोलायचं ते फक्त बंटीनं. मी तोंड उघडायचं नाही. काम करायचं, कानात सांगायचं, पण दिसायचं नाही आणि ऐकू यायचं नाही. घरी हे मी लहानपणापासून करते, त्यामुळे अवघड नव्हतं.

गाळ्यासमोरच्या ओट्यावर बाजाराच्या दिवशी जमनाबाई बसते. तांड्यावरून सकाळीच येते, पुढ्यात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि आवाज असा की पलीकडच्या ओळीतला माणूस आपलीच मेथी विकतेय समजून वळतो. ओटा मधोमध झिजलेला असल्यामुळं शटरखाली तीन-चार बोटांची फट राहते. बंटीनं तिथं तोंड लावलं.

“जमनाबाई! ओ जमनाबाई! शटर अडकलं.”

“कोण मरून राह्यलं तिथं?”

“मी बंटी. एकटाच हावो.”

मी कपाळाला हात लावला. एकटा असलेला माणूस एकटा आहे असं सांगत नाही.

“कंडेन्सर गेला मोटारीचा. इलेक्ट्रिकच्या दुकानातून वीसचा कंडेन्सर पाह्यजे.”

जमनाबाईनं तिथूनच बाजाराला विचारलं. बाजारानं उत्तर दिलं: इलेक्ट्रिकची तिन्ही दुकानं बंद. पहिल्याचा मालक निवडून आला होता आणि जीपवर उभा होता. दुसऱ्याचा मालक त्याच्याविरुद्ध पडला होता आणि घरी आडवा होता. तिसऱ्यानं दोघांच्याही प्रचाराची वायरिंग केली होती, त्यामुळे तो नेमका कुठं आहे हे कोणी सांगत नव्हतं. आणि खेमसिंग सर? त्यांना मिरवणुकीनं उचललं होतं. डीजेचा ॲम्प्लिफायर बसस्टँडपाशी बंद पडला, कोणीतरी ओरडलं ‘सर दिसले, सर दिसले’, आणि सर झेरॉक्सच्या दुकानातून थेट डीजेच्या गाडीवर. कूलरच्या साखळीच्या कुलुपाची किल्ली आणि रिमोट त्यांच्याच खिशात. रिमोट इथं असता तरी काय, त्यानंही घूंच झालं असतं.

मी बंटीच्या कानात सांगितलं. बंटी फटीतून म्हणाला, “जमनाबाई, पंख्याचे कंडेन्सर तरी गोळा कर. प्रत्येकात दोन-अडीच असते. जोडून जोडून वीस करतो.”

“तुले हे कोणं शिकवलं? काल तं तुले टेस्टर धरता येत नव्हता.”

“आजच शिकलो,” बंटी म्हणाला. खोटं नव्हतं.

थंडीचे दिवस, पंखे बंद, त्यामुळे बाजार उदार झाला. दहा मिनिटांत फटीतून पहिला कंडेन्सर आत आला, चहाच्या हॉटेलातला, तेलकट. मी उतरवला, पुसला, मोजला. छापलेलं अडीच. निघालं एक पॉइंट नऊ. मी कानात सांगितलं, बंटीनं बाहेर जाहीर केलं, “हॉटेलवाले, तुमचा एक पॉइंट नऊ! म्हातारा झाला!”

बाहेर कोणीतरी म्हणालं, “म्हणूनच पंखा इतका हळू फिरते. मले वाटे लाइटच कमी हाये.”

चूक इथं झाली. आकडा जाहीर करायला नको होता. लोकांना आपल्या वस्तूचा आकडा कळतो म्हटल्यावर ते थांबतात होय. टेलरचा आला, दोन पॉइंट एक. सोनाराचा आला, शून्य पॉइंट सहा. सोनार खालूनच भांडायला लागला, की माझ्या वस्तूचं वजन मी करतो, दुसरा कोणी नाही. चपलेच्या दुकानाचा दोन पॉइंट तीन. एक आला तो शून्य. तो कंडेन्सर नव्हताच, कसलासा इस्त्रीचा भाग होता. मग दोन मोठ्या पंख्यांचे, एक पॉइंट दोन आणि दोन पॉइंट चार. एका आजोबांनी कानात घालायचं यंत्र आत सरकवलं आणि ‘हेही पाहून देजो रे बाप्पा’ म्हणाले. बंटीनं त्यांना काय झालं म्हणून विचारलं, पण यंत्र आत असल्यामुळं त्यांना ऐकू गेलं नाही.

मी बेरीज केली. सहा पंख्यांचे साडेदहा. शटरचा स्वतःचा तीन पॉइंट एक. एकूण तेरा पॉइंट सहा. मी सगळ्यांचे पाय एकमेकांना जोडले, चिकटपट्टी गुंडाळली. ते प्रकरण हातात घेतल्यावर दिवाळीच्या माळेसारखं दिसत होतं. डब्यातले नऊ पण लावून टाक, असं बंटी म्हणाला. ते पंचवीस व्होल्टचे होते आणि बोर्डावर दोनशे तीस. मी त्याला समजावलं की तसं केलं तर शटर उघडणार नाही, पण छत उघडेल. तो क्षणभर त्याला तयार दिसला.

मेन चालू. बटण. घूं… आणि शटर थरथरलं, चार बोटं वर गेलं, आणि थांबलं. ना वर ना खाली.

बाहेर टाळ्या. फट आता वीतभर. उजेड आत आला, आणि बाजाराचे पाय दिसायला लागले. मला ते दिसतात म्हणजे त्यांना माझे दिसतात. मी पाय उचलून टेबलावर चढून बसले.

“आत टेबलावर कोण चढलं?” जमनाबाई.

“मीच,” बंटी म्हणाला. तो तेव्हा फटीपाशी जमिनीवर पालथा पडलेला होता आणि त्याची हनुवटी सगळ्यांना दिसत होती.

जमनाबाई फटीपाशी वाकली. मग तिनं आवाज कमी केला, म्हणजे आता फक्त अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल इतका केला. “अबे बंटी, सक्काळपासून इथं एक लेडीज चप्पल पडून हाये. मी तिच्यावर मेथीची जुडी ठेवली, कोणाले दिसू नये म्हणून. मले काय कळत नाई? पण आता लवकर कर माय, जुडीचं गिऱ्हाईक आलं तं म्या का करू?”

त्या बाईनं दोन तास माझी चप्पल झाकून ठेवली होती. मला बोलायचं होतं, पण मी त्या दिवशी आलेलीच नव्हते.

आता बाजारात बंटीचं नाव झालं होतं. ‘आत एक पोट्टा बसला हाये, कंडेन्सर पाहून देते, फुकट.’ पंख्याचे संपले, मिक्सरचे आले, पिठाच्या गिरणीचा आला, पण शटर उचलेल असा त्यात एकही निघाला नाही. लोक रांगेत उभे होते. आत मी टेबलावर मांडी घालून मोजत होते, बंटी आकडे ओरडत होता. त्याचा आवाज बसला, पण तब्येत सुधारली, कारण हॉटेलवाल्यानं फटीतून दोन आलुबोंडे सरकवले. मला कोणी दिला नाही. आत मी नव्हतेच.

घड्याळात दोन वाजून गेले. सव्वातीनच्या ऑटोनं मी परतले नाही तर घरी विचारणा सुरू होणार होती.

तेवढ्यात फटीतून रुमालात गुंडाळलेला एक गोल, लांबडा कंडेन्सर आला. पंख्याचा नव्हे, विहिरीवरच्या मोटारीचा. रुमालाला आमच्या घरच्या पेटीतल्या डांबरगोळीचा वास होता. कंडेन्सरच्या एका पायाला गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका. तो ठिपका मागच्या वर्षी मीच लावला होता, कोणती वायर कुठं ते बाबांना कळावं म्हणून.

“पाहा रे भाऊ,” बाहेरून बाबांचा आवाज आला. क्लास कुठल्या गाळ्यात भरतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. “मोटार उचलून नाई राह्यली. घूं करते. नवा घ्याले आलो तं सगळी दुकानं बंद. मेला का हा?”

मी उतरवला. बल्बनं डोळा मारला नाही. मीटर लावलं. आकडा थांबेपर्यंत थांबले. छापलेलं पंचवीस. चोवीस पॉइंट सहा.

बंटीच्या कानात सांगितलं, “चोवीस पॉइंट सहा. एकदम चांगला आहे. परत दे.”

“चोवीस पॉइंट सहा!” बंटी ओरडला. “बम चांगला हाये, काका! आर्णीत याच्यासारखा नाई!”

“चांगला हाये तं मंग मोटार काहून उचलत नाई?”

बंटीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: काही सांगू नकोस. बंटीला शांतता सहन होत नाही.

“बेरिंग गेली असन,” तो म्हणाला.

“मागच्याच महिन्यात बदलली.”

“मंग… वाइंडिंग. वाइंडिंग जळली. पुरी मोटार भरून घ्या काका, विहिरीतून काढून यवतमाळले न्या.”

“पुरी?” बाबांचा आवाज खाली गेला. “तुरीले शेवटचं पाणी द्याचं हाये रे.”

“पुरीच. जळलीच ते.”

“जळली नाही!” मी म्हणाले. “स्टार्टरच्या डब्यात कंडेन्सरची काळी वायर सैल आहे, बाबा, मी दिवाळीतच सांगतलं होतं, तुम्ही म्हणाले पाहू!”

बाजार थांबला. मेथी थांबली. मला वाटतं मिरवणूकही थांबली असावी, पण ते ॲम्प्लिफायरमुळं असेल.

फटीतून मला बाबांचे बूट दिसत होते. ते हलले नाहीत. त्यांच्या आजूबाजूला वीस-पंचवीस जोडी पाय, सगळ्यांची बोटं आमच्याकडं. जमनाबाईनं हळूच मेथीची जुडी उचलली. आता झाकायचं काही राहिलं नव्हतं.

बंटी कुजबुजला, “लाव नं तो. पंचवीस म्हंजे वीसपेक्षा जास्तच झालं. उघडन शटर.”

उघडेल, हे मलाही माहीत होतं. पंचवीस जरा जास्त होते, पण एका वेळेपुरतं चाललं असतं. दोन वायरी लावल्या की झालं. प्रश्न असा होता, की उघडल्यावर बाहेर बाजार होता, बाबा होते, आणि अट होती. आत निदान मीटर होतं. मी कंडेन्सर मांडीवर घेऊन बसून राहिले. मला आयुष्यात पहिल्यांदा बंद शटर आवडलं.

“निकिता,” बाबा म्हणाले.

“हो, बाबा.”

“तो कंडेन्सर त्या शटरले चालते का?”

“चालते.”

“मंग लाव. घरी जायाचं हाये.”

मी माळ काढली, बाबांचा कंडेन्सर लावला, मेन चालू केला. बटण दाबलं. या वेळी घूं झालं नाही. शटर सरळ वर गेलं, तालुक्याच्या ठिकाणी शोभेल असं. ऊन आत आलं. समोर हॉटेलवाला, टेलर, सोनार, आजोबा, आणि मध्ये बाबा, हातात रिकामा रुमाल.

मी बाहेर आले. जमनाबाईनं चप्पल पायापाशी सरकवली.

मग लोक बोलायला लागले.

“बबनराव, पोरगी तुमची हाये का? आम्ही दोन तासांपासून त्या पोट्ट्याले हुशार समजून राह्यलो.”

“माझ्या पंख्याचं बरोबर सांगतलं तिनं.”

“बबनराव, नशीब काढलं तुम्ही. हिले शिकवा.”

सोनार म्हणाला, “आकडा मले पटला नाई, पण मोजण्यात इमान हाये.”

प्रत्येक वाक्याला बाबा मान हलवत होते. नम्रपणे. मी मनात ओरडत होते, गप बसा, अहो गप बसा, पण कोणी गप बसेना. उलट लांबचे लोक विचारायला लागले काय झालं म्हणून, आणि जवळचे त्यांना सांगायला लागले. सर त्याच वेळी परत आले, कपाळापासून बुटापर्यंत गुलाबी, हातात झेरॉक्स. ते आणि जमनाबाई गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, काहीतरी पाच मिनिटं बोलले. मला त्यातला ‘कंडेन्सर’ एवढाच शब्द कळला, आणि तो चौदा वेळा आला. मग सरांनी सगळ्यांसमोर माझं जर्नल उघडलं, दहावी ओळ पाहिली आणि बाबांना म्हणाले, “भाऊ, बारा वर्षांत दहावं रीडिंग खरं घेतलेली ही पहिली.” हेही बोलणंच झालं.

मोटारसायकलवर मी मागं बसले होते. लोणबेहळचा फाटा मागं पडला. मग बाबा म्हणाले, “लोकं बोलले.”

“चांगलं बोलले, बाबा.”

“बोलले का नाई?”

“बोलले.”

“मंग.”

त्यांना राग नव्हता. राग असता तर उतरला असता. बाबा दिलेल्या शब्दाचे पक्के आहेत, आणि शब्द त्यांनी मला दिला होता, तो मोडून ते मला फसवणार नव्हते. घरी गेल्यावर मी स्टार्टरचा डबा उघडला, शटरमधून परत काढून आणलेला कंडेन्सर बसवला, काळी वायर घट्ट केली, आणि मोटारीनं उचल घेतली. तुरीला पाणी गेलं. बाबा बांधावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडं पाहत होते. “बरं झालं,” एवढं म्हणाले. मी म्हटलं, मग उद्या क्लासला? ते म्हणाले, “उद्या पाहू.” आमच्या घरी ‘पाहू’ म्हणजे काय, ते त्या काळ्या वायरला विचारा.

त्याला आता तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत आमच्या अंगणात एकतीस कंडेन्सर आले. पांढरकवड्याहून एक ट्रकवाला गाडीचाच काहीतरी भाग घेऊन आला. मुकुटबनची मावशी कूलर घेऊन आली, एसटीनं. सगळे चहा पितात, मी मोजते, बाबांच्याच जुन्या रेडिओच्या डब्यावर मीटर ठेवून. मीटर सरांनी पाठवून दिलं, कायमचं. जाताना प्रत्येक जण फाटकापाशी थांबून बाबांना सांगतो, की बबनराव, पोरगी हुशार हो तुमची, तिले कुठंतरी शिकायला पाठवा. बाबा मान हलवतात आणि आत येऊन आईला म्हणतात, “लोकं अजून बोलून राह्यले.” आईनं कॅलेंडरवरची पेन्सिलची तारीख पेनानं गिरवली.

काल मी हिशोब केला. लोक बोलायचे थांबले, तर क्लास सुरू होईल. मी चुकीचे आकडे सांगायला लागले, तर लोक बोलायचे थांबतील. मी एकदा प्रयत्न करून पाहिला. दोन पॉइंट दोन आलं, मी चार सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून दोन पॉइंट दोनच गेलं. तेव्हा एकच मार्ग उरतो, तो सरकारी.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, आर्णी.

विषय: अर्जदाराविषयी न बोलण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करते की, तालुक्यातील सर्व नागरिक, त्यांचे नातेवाईक, तसेच बाजाराच्या दिवशी बाहेरून येणारे इसम यांनी पुढील अकरा कामकाजाच्या दिवसांत अर्जदाराविषयी चांगले, वाईट अथवा मध्यम असे काहीही बोलू नये, असे आदेश आपल्या स्तरावरून तात्काळ निर्गमित व्हावेत. सदर आदेशाची दवंडी देताना अर्जदाराचे नाव घेऊ नये. आणि मुदत संपल्यावर, संपूर्ण तालुका या काळात गप्प होता, असा दाखला सही-शिक्क्यानिशी अर्जदाराच्या वडिलांच्या नावे देण्यात यावा, ही नम्र विनंती.